काइकोरा : देवमाशांच्या शेजारचे गाव

(किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पर्यटनविकास हा शब्द आता किनाऱ्यावरील बहुतेक ग्रामसभांच्या परिचयाचा झाला आहे. रस्ता झाला की पाहुणे येतील, पाहुणे आले की गावाला चार पैसे मिळतील, अशी सर्वसाधारण धारणा असते. ही धारणा खोटी नाही, पण अपुरी आहे. पाहुण्यांना समुद्रात नेणारी होडी कोणाच्या मालकीची असावी, तिने किती फेऱ्या कराव्यात हे कोणी ठरवावे, आणि जे पाहायला पाहुणा येतो त्याची राखण कोणी करावी, हे तीन प्रश्न तिच्यात राहून जातात. या तीन प्रश्नांना ज्या गावाने आपल्या परीने उत्तरे दिली, त्या न्यूझीलंडमधील काइकोरा या लहानशा गावाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी, असा माझा मानस आहे.

डोंगर, गाव आणि दरी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ख्राइस्टचर्च शहरापासून उत्तरेस सुमारे १८० किलोमीटरवर काइकोरा वसले आहे. गावची वस्ती दोन-अडीच हजारांच्या आसपास. तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या भाषेत ‘काई’ म्हणजे खाणे आणि ‘कोउरा’ म्हणजे शेवंड. आपल्या कोकणातील मच्छीमारांच्या जाळ्यात येते तीच ही शेवंडीची जात नव्हे, पण तिची जवळची नातलग खरी. शेवंडीवरून नाव पडलेल्या या गावाची कीर्ती मात्र आज देवमाशांमुळे जगभर झाली आहे.

ख्राइस्टचर्चहून निघालेला प्रवासी रस्त्याने किंवा रेल्वेने या गावी पोहोचतो, तेव्हा शेवटचा टप्पा समुद्राला अगदी खेटून जातो. एका बाजूस लाटा आणि दुसऱ्या बाजूस अडीच हजार मीटरहून उंच शिखरे असलेली पर्वतरांग. हिवाळ्यात या शिखरांवर बर्फ असते. गावाजवळच्या खडकांवर सील प्राणी ऊन खात पडलेले दिसतात. परंतु या गावाचे खरे वैभव पाण्याखाली आहे. जमिनीवर जसे डोंगर उभे आहेत, तशीच समुद्रात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एक प्रचंड दरी आहे. बहुतेक देशांच्या किनाऱ्यावरून हजार मीटर खोल पाणी गाठावयाचे, तर होडीने फार दूरवर जावे लागते. येथे किनारा सोडल्यावर काही वेळातच होडीखाली एवढे खोल पाणी असते.

उत्तरेकडून येणारे उबदार पाणी आणि दक्षिणेकडून येणारे थंड पाणी या भागात एकत्र येते. दरीमुळे तळातील पोषक द्रव्ये वर येतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासे, आणि मग डॉल्फिन, सील, आल्बट्रॉससारखे मोठे समुद्रपक्षी. दरीच्या काळोखात म्हाकूळ आणि खोल पाण्यातील मासे आढळतात. तेच स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचे अन्न होय. म्हणून येथे हा देवमासा वर्षाच्या बाराही महिने किनाऱ्याजवळ असतो. शिक्षक मित्रांनी वर्गात अन्नसाखळी शिकविताना या गावाचा नकाशा फळ्यावर काढावा, इतके ते चांगले उदाहरण आहे.

होडीतून दिसते ते काय?

मराठीत आपण ‘देवमासा’ म्हणतो, पण तो मासा नव्हे. तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. काइकोऱ्याला येणारे स्पर्म व्हेल बहुतांशी नर असतात. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी पंधरा मीटरच्या पुढे जाते. श्वास रोखून तो पाऊण तास, कधी तासभरही पाण्याखाली राहतो. मग वर येऊन सुमारे दहा मिनिटे, एखादा ओंडका तरंगावा तसा, संथपणे पडून श्वास घेतो. त्याच्या फवाऱ्याचा झोत सरळ न उडता पुढे आणि डावीकडे कललेला असतो. अखेरीस तो पाठ वाकवितो, विस्तीर्ण शेपटी पाण्याबाहेर उचलतो आणि दरीत उतरतो.

म्हणजे दोन-अडीच तासांच्या फेरीत प्रवाशाला प्रत्यक्ष दर्शन घडते ते काही मिनिटांचे. उरलेला वेळ वाट पाहण्याचा. देवमासा पाण्याखाली टक्‌टक् असा आवाज करीत असतो. होडीवरील नाविक पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्या आवाजावरून त्याची दिशा ओळखतात. आवाज थांबला की तो वर येणार, असा अंदाज बांधतात. शेपटीच्या कडेवरील खाचाखुणांवरून कित्येक देवमासे एकेकटे ओळखता येतात. आणि एवढे करूनही फेरीत देवमासा दिसला नाही, तर तेथील संस्था भाड्याची ऐंशी टक्के रक्कम प्रवाशाला परत करते. समुद्राच्या वतीने कोणालाही वचन देता येत नाही, हे आधीच मान्य करणारा हा व्यवहार आहे.

शिकारीपासून दर्शनापर्यंत

याच गावाने एकेकाळी देवमाशांच्या हत्येवर पोट भरले होते. १८४० नंतरच्या दशकात रॉबर्ट फाइफ या युरोपीय माणसाने येथे देवमाशांच्या शिकारीचे ठाणे उभारले. त्या काळातील ‘फाइफ हाउस’ नावाची इमारत अद्याप जतन केलेली आहे, आणि तिच्या पायात देवमाशाच्या मणक्यांचे तुकडे बसविलेले आहेत. घराच्या पायात दगडाऐवजी हाडे घालावीत, इतकी तेव्हा हाडांची रेलचेल होती! चरबीपासून तेल निघे, तेलावर दिवे जळत, आणि जनावरे संपली की ठाणी ओस पडत. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील देवमाशांची शिकार १९६४ साली बंद पडली. १९७८ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

काइकोऱ्याच्या माओरी लोकांची कहाणी याहून कष्टाची आहे. त्यांच्या ङाई ताहू या जमातीकडून सरकारने १८५९ साली या परिसरातील अठ्ठावीस लाख एकरांच्या आसपास जमीन अवघ्या ३०० पौंडांना घेतली. जमीन गेली आणि मोलमजुरी, मासेमारी, रेल्वेची नोकरी एवढेच उरले. १९८० नंतरच्या दशकात रेल्वेची पुनर्रचना झाली, तेव्हा त्या नोकऱ्याही गेल्या. गावात बेकारी वाढली, आणि तिचा फटका माओरी कुटुंबांना सर्वांत जास्त बसला.

अशा वेळी १९८७ साली त्यांच्या पुढाऱ्यांनी दारासमोरच्या समुद्राकडे नव्या दृष्टीने पाहिले. पाइकेया हा त्यांचा पूर्वज देवमाशाच्या पाठीवर बसून या भूमीकडे आला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. पूर्वजाला तारणारा प्राणी वंशजांनाही तारील, या विश्वासाने त्यांनी लोकांना देवमासे दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. भांडवल नव्हते, म्हणून काही कुटुंबांनी राहती घरे गहाण टाकून कर्ज उभे केले. सुरुवातीस हवा भरलेली एक छोटी होडी होती. पुढे मोठ्या नौका आल्या. आज या संस्थेचे कार्यालय काइकोऱ्याच्या रेल्वे स्थानकात आहे. इंग्रजी ‘रेल्वे’शी यमक जुळवून त्यांनी त्याचे नाव ‘व्हेलवे स्टेशन’ ठेवले आहे. रेल्वेच्या नोकऱ्या गेल्यावर ज्यांनी दुसरी वाट शोधली, त्यांनी त्याच स्थानकात आपले दुकान मांडावे, यात मला मोठा अर्थ दिसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. होडी गावच्या लोकांची होती. म्हणून तिकिटाचा पैसा गावात फिरला, तरुणांना नाविकाचे व मार्गदर्शकाचे काम मिळाले, आणि पाहुण्याला समुद्राची ओळख करून देणारा माणूस त्याच समुद्राच्या काठी वाढलेला असा भेटला. १९९५ मध्ये दुसऱ्या एका व्यावसायिकाला परवाना देण्याचा प्रश्न तेथील अपील न्यायालयापुढे आला. तेव्हा न्यायालयाने सांगितले की, परवाने देताना सरकारने जमातीशी झालेल्या जुन्या कराराची तत्त्वे विचारात घेतली पाहिजेत. आणि त्याच निर्णयात प्राण्यांचे संरक्षण हा विषय सर्वांत वरचा, हेही स्पष्ट केले.

मर्यादा कोणी घालावी?

आता दुसरा प्रश्न. देवमासा दिसला की प्रत्येक नावाड्याला वाटते, आपली होडी सर्वांत जवळ असावी. प्रवाशांचीही तीच इच्छा असते. दहा होड्यांनी त्याला घेरले तर प्राण्याचा श्वास घेण्याचा वेळ कमी होतो, आणि काही वर्षांनी तो तेथे येईनासाही होऊ शकतो. यासाठी न्यूझीलंड सरकारने १९९२ साली नियम केले. देवमाशापासून ५० मीटरच्या आत होडी न्यावयाची नाही, पिलू बरोबर असेल तर २०० मीटरच्या आत जावयाचे नाही. एका वेळी ३०० मीटरच्या परिघात तीनपेक्षा अधिक होड्या थांबावयाच्या नाहीत, आणि तेवढ्या अंतरात वेग अगदी मंद ठेवावयाचा. व्यावसायिक फेऱ्यांना परवाना सक्तीचा आहे. काइकोऱ्यात तर २०१२ पासून दहा वर्षे नवे परवाने देणेच थांबविण्यात आले होते.

परंतु केवळ वरून आलेल्या नियमांनी समुद्र राखला जात नाही, हे आपण अधिकारी मंडळी अनुभवाने जाणतो. काइकोऱ्याच्या लोकांनी २००५ साली एक मंडळ स्थापन केले. त्यात माओरी प्रतिनिधी, व्यावसायिक मच्छीमार, हौशी मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक आणि निसर्गप्रेमी एकत्र बसले. त्यांनी एक साधा पण विलक्षण दंडक पाळला. प्रत्येक पक्षाने आपल्याला काय हवे ते मागण्याआधी आपण काय देणार, ते सांगावयाचे. मच्छीमाराने मासेमारीची एखादी जागा सोडावी, हौशी माणसाने दिवसाची मर्यादा कमी करावी, निसर्गप्रेमींनी राखीव क्षेत्राची हद्द आवरती घ्यावी. अनेक वर्षांच्या बैठकांनंतर त्यांनी एकमताने आराखडा तयार केला, आणि २०१४ मध्ये संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. त्यातून दहा हजार हेक्टरांहून मोठे सागरी राखीव क्षेत्र, देवमाशांचे अभयारण्य आणि पारंपरिक मासेमारीसाठी खास क्षेत्रे निर्माण झाली. शासनाने कायदा केला खरा, पण मजकूर गावाने लिहून दिला होता.

भूकंपाची परीक्षा

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी या भागाला ७.८ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. दोन माणसे दगावली. दरडी कोसळून दोन्ही बाजूंचे रस्ते आणि रेल्वे बंद पडली. काइकोऱ्याचा जमिनीवरून संपर्क तुटला. शेकडो पर्यटक गावात अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने व नौदलाच्या जहाजाने बाहेर काढावे लागले. तोपर्यंत माओरींच्या सभागृहाने चूल पेटती ठेवली आणि गावकरी व पाहुणे यांना जेवू घातले. त्या जेवणात शेवंडही होती! पाहुणा म्हणजे केवळ गिऱ्हाईक नव्हे, हे संकटात कळते.

किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी कित्येक मीटर वर उचलली गेली. बंदरातील पाणी उथळ झाले, होड्या भरतीच्या वेळीच बाहेर पडू शकत. बंदराचा गाळ व खडक उपसून ते वर्षभराने पूर्ववत झाले. मुख्य रस्ता डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा खुला झाला. देवमाशांसमोरही संकट उभे राहिले. भूकंपाने दरीतील प्रचंड गाळ घसरून खोल समुद्रात गेला आणि त्याबरोबर तळाचे जीवही गेले. पुढील सुमारे वर्षभर तेथील स्पर्म व्हेल पाण्याच्या पृष्ठभागावर नेहमीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश अधिक वेळ घालवीत होते, असे अभ्यासकांना आढळले. अन्न शोधण्यास अधिक श्रम पडत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

उघड्या पडलेल्या खडकांवर ‘पावा’ नावाचे शिंपलावर्गीय प्राणी मोठ्या संख्येने मेले. सरकारने त्यांची पकड बंद केली, ती पाच वर्षे बंद राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये थोड्या दिवसांसाठी हंगाम खुला झाला, तेव्हा अंदाजापेक्षा कितीतरी अधिक पकड झाली, आणि पुढचे हंगाम आखडते घ्यावे लागले. यावरून असे दिसते की, राखण हे एकदा करून संपणारे काम नव्हे. ज्या गावाने इतका समंजसपणा दाखविला, तेथेही दार उघडताच गर्दी उसळते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १९९० नंतरच्या दशकाच्या तुलनेत उन्हाळ्यात काइकोऱ्याला दिसणाऱ्या स्पर्म व्हेलची संख्या घटल्याचे ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासात दिसून आले आहे. समुद्राच्या उत्पादकतेत झालेल्या बदलांशी त्याचा संबंध जोडला जातो. एका गावाला आपल्या होड्या आवरता येतात, पण सबंध महासागराचे तापमान त्याच्या हाती नसते. ही मर्यादा पंचायत सदस्यांनी ओळखलीच पाहिजे. ती ओळखून जे आपल्या हाती आहे ते चोख करणे, हेच उरते.

रस्त्यावर पडलेली पिले

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे राखणीचे, उत्तर मला एका लहान पक्ष्याच्या हकीकतीत सापडते. हटन्स शियरवॉटर नावाचा समुद्रपक्षी काइकोऱ्याच्या मागील पर्वतरांगेत, बाराशे मीटरहून अधिक उंचीवर, बिळात घरटे करतो. नैसर्गिक वसाहती जगात इतरत्र कोठेही नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये पिले प्रथमच रात्री समुद्राकडे झेपावतात. गावातील दिव्यांनी त्यांची दिशाभूल होते आणि ती रस्त्यावर कोसळतात. जमिनीवरून पुन्हा उडणे त्यांना जमत नाही. मग मोटारींखाली किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडी त्यांचा अंत होतो. त्या दिवसांत गावकरी खोकी घेऊन रात्री हिंडतात, पिले उचलतात आणि नंतर ती समुद्रात सोडली जातात. पुढे गावाने दिव्यांचाच विचार केला. २०२४ मध्ये काइकोऱ्याच्या परिसराला काळोख्या आकाशाचे आंतरराष्ट्रीय अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. विकास म्हणजे अधिकाधिक दिवे, असे समजणाऱ्या आपणांस ही गोष्ट विचार करावयास लावील.

आपल्या किनाऱ्यासाठी

कोकणचा समुद्र म्हणजे काइकोरा नव्हे. आपल्याकडे किनाऱ्यालगत तशी दरी नाही, आणि देवमासे दाखविण्याची हमी देणारी होडी येथे कोणी काढू नये. तरीही देवमासे आपल्याला परके नाहीत. २०१५ साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासे दिसले. त्याच वर्षी रायगडमधील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा लागून मृत्यू पावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिलू अडकले, तेव्हा ते पाण्यात परत जावे म्हणून ग्रामस्थ व शासकीय यंत्रणा यांनी अहोरात्र खटपट केली. यश आले नाही, पण ती धडपड आपल्या लोकांच्या मनाची साक्ष देते. वेळासच्या ग्रामस्थांनी कासवांची घरटी राखून, पाहुण्यांना आपल्याच घरी उतरवून, राखण आणि उपजीविका यांची सांगड घालून दाखविली आहेच. उलट मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तरी स्थानिक मच्छीमारांच्या मनातील शंका दीर्घकाळ फिटल्या नाहीत. आधी घोषणा आणि मागाहून चर्चा, या क्रमाची किंमत मोठी असते.

म्हणून ग्रामसभेत डॉल्फिनदर्शनाचा, खाडीतील सफरीचा किंवा कासव पाहण्याचा ठराव येईल, तेव्हा पंचायत सदस्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. होडी गावातल्या माणसाची असेल काय? प्राण्यापासून किती अंतर राखावयाचे आणि एका वेळी किती होड्या, हे लिहून ठरले आहे काय? मच्छीमार, नावाडी, घरगुती निवास चालविणाऱ्या भगिनी आणि वनखाते यांपैकी प्रत्येकाने काय देऊ केले आहे? आणि प्राणी दिसला नाही, तर पाहुण्याला खरे सांगण्याची आपली तयारी आहे काय? ठरावावर सही करण्यापूर्वी ही चार उत्तरे इतिवृत्तात नोंदविली जावीत, एवढीच माझी विनंती आहे.

 आता आपल्या गावच्या समुद्राविषयी आपल्याकडून ऐकण्याची माझी पाळी.